अरेसिबो: कोसळण्याआधीची चौदा वर्षं

१ डिसेंबर २०२०, सकाळचे आठ वाजायला पाच मिनिटं कमी. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर, डोंगरातल्या एका उंच मनोऱ्याच्या माथ्याशी एक ड्रोन घिरट्या घालत होता. मनोऱ्यावरून गेलेल्या पोलादी केबल्सचे किती धागे तुटलेत ते बघायचं काम त्याच्याकडे होतं. आणि त्याच्या कॅमेऱ्यादेखत त्या केबल्स तुटल्या. दीडशेएक मीटर उंचीवर टांगलेला सुमारे ९०० टनांचा सांगाडा झोका घेऊन खाली आला आणि ३०५ मीटर व्यासाच्या डिशमधून आरपार गेला. परिसर आधीच रिकामा केलेला होता, त्यामुळे कुणाला इजा झाली नाही.

तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पण मला आज बोलायचंय ते त्या काही सेकंदांच्या आधीच्या चौदा वर्षांबद्दल. अरेसिबोची दुर्बीण पडली २०२० साली. तिचं काय करायचं हे मात्र २००६ मध्येच एका अहवालात बऱ्यापैकी ठरून गेलं होतं.

आधी थोडं मागे जाऊ. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विल्यम गॉर्डन नावाचे प्राध्यापक होते. त्यांना आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, रडारनं अभ्यास करायचा होता. पैसे कुणी दिले? संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेनं. शीतयुद्धाचे दिवस होते आणि क्षेपणास्त्रं त्याच थरातून जातात, तेव्हा लष्कराला त्यात रस असणारच. ताऱ्यांच्या प्रेमापोटी कुणी ही दुर्बीण बांधली नाही, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा.

जागा निवडली ती पोर्तो रिकोतली. चुनखडीचा प्रदेश, पाण्यानं दगड विरघळून जमिनीत खचलेले मोठमोठे खड्डे. (लोणार डोळ्यासमोर आणू नका; ते उल्का आदळून झालेलं विवर आहे.) अशा एका तयार खड्ड्यात डिश बसवली की खोदाई वाचते. शिवाय बेटाचा अक्षांश साधारण १८ अंश, म्हणजे आपल्या पुण्याइतकाच, त्यामुळे ग्रह बऱ्यापैकी डोक्यावरून जातात. डिश हलत नाही. तिच्यावर टांगलेली यंत्रणा हलवून आकाशातली दिशा निवडायची. १ नोव्हेंबर १९६३ ला उद्घाटन झालं.

आणि मग या लष्करी पैशाच्या डिशनं काय काय केलं! बुध ग्रह ८८ दिवसांत सूर्याभोवती फिरतो आणि स्वतःभोवतीही तेवढ्याच वेळात, असं सगळे धरून चालले होते. अरेसिबोच्या रडारनं दाखवलं की नाही, स्वतःभोवतीची फेरी सुमारे ५९ दिवसांची आहे. १९७४ मध्ये रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना इथेच एकमेकांभोवती फिरणारी एक जोडी सापडली, त्यातला एक तारा पल्सार. त्या जोडीची कक्षा हळूहळू आक्रसतेय, आणि गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा बाहेर गेल्यावर ती जितकी आक्रसायला हवी तितकीच, हे पुढच्या वर्षांत दिसलं. त्या शोधाला १९९३ चं नोबेल मिळालं.

माझी आवडती गोष्ट मात्र १९९० ची आहे. दुरुस्तीमुळे दुर्बिणीचं नेहमीचं काम बंद होतं, यंत्रणा नीट हलवता येत नव्हती. पोलंडचे अलेक्झांडर वोल्शचान म्हणाले, नाही हलत तर नको, जे डोक्यावरून जाईल ते बघू. एरवी अशा दुर्बिणीवर काही तास मिळायची मारामार. त्यांना भरपूर वेळ मिळाला. त्यात एक पल्सार सापडला, आणि १९९२ मध्ये त्यांनी व डेल फ्रेल यांनी जाहीर केलं की त्याच्याभोवती ग्रह आहेत. आपल्या सूर्यमालेबाहेरचे पहिले पक्के ठरलेले ग्रह, आणि तेही दुरुस्तीच्या काळातले.

आता पैशाकडे येऊ. १९६९ मध्ये ही वेधशाळा संरक्षण खात्याकडून नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे, म्हणजे एनएसएफकडे आली. या संस्थेची एक अडचण समजून घेतली पाहिजे, नाहीतर तिला नुसतं खलनायक ठरवून आपण मोकळे होऊ. तिथे मोठी दुर्बीण बांधायचा पैसा एका खात्यातून येतो, पण बांधून झाल्यावर ती चालवायचा पैसा खगोलशास्त्र विभागाच्या रोजच्या बजेटमधून काढावा लागतो. म्हणजे थोरल्या काकांनी बंगला बांधून दिला, पण वीजबिल, रंगकाम, माळ्याचा पगार तुमच्या पगारातून! प्रत्येक नवी दुर्बीण आली की जुन्यांच्या ताटातला घास कमी. त्यातच अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ दर दहा वर्षांनी आपल्या इच्छांची यादी करतात, आणि त्या यादीत नवं काय हवं ते असतं. ‘आहे ते नीट ठेवा’ हे कुणाचं स्वप्न नसतं.

२००६ मध्ये एनएसएफनं नेमलेल्या समितीनं जुन्या वेधशाळांचा आढावा घेतला. अरेसिबोच्या खगोलशास्त्राचे वर्षाचे पैसे १ कोटी डॉलरच्या आसपास होते. ते टप्प्याटप्प्यानं २०११ पर्यंत ४० लाखांवर आणा, आणि बाहेरून भागीदार मिळाले नाहीत तर बंद करा, अशी शिफारस झाली. दुर्बिणीचं विज्ञान संपलंय असं कुणीच म्हणत नव्हतं. फक्त रांगेत पुढे दुसरे होते.

तिथून पुढे वेधशाळा सतत भाडेकरूसारखी राहिली. २०११ मध्ये कॉर्नेलकडून व्यवस्थापन काढून एसआरआय इंटरनॅशनलच्या गटाला दिलं. २०१८ मध्ये ते सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या गटाकडे गेलं, आणि करारातच होतं की एनएसएफचा वाटा पाच वर्षांत ८० लाखांवरून २० लाखांवर येईल. घर मोडायचं की ठेवायचं हे ठरत नसताना छपराच्या वाशांकडे कोण मन लावून बघणार? हे माझं मत आहे, पण हा काळ बघितला की दुसरं काही सुचत नाही.

आणि बघायची गरज होती. १९९७ च्या सुधारणेत नवी यंत्रणा चढवल्यानं टांगलेलं वजन वाढलं, म्हणून जादा केबल्स लावल्या होत्या. या केबल्सची टोकं पोलादी सॉकेटमध्ये वितळलेलं जस्त ओतून पकडलेली असतात. वर्षानुवर्षं ताण राहिला की जस्त अगदी सावकाश सरकतं आणि केबल सॉकेटमधून मिलिमीटर-मिलिमीटर बाहेर यायला लागते. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळ आलं. त्यानंतर काही केबल्स नजरेला दिसेल इतक्या सरकलेल्या होत्या. १० ऑगस्ट २०२० ला एक जादा केबल सॉकेटमधून निसटली आणि डिशला सुमारे ३० मीटरची चीर गेली. ६ नोव्हेंबरला त्याच मनोऱ्यावरची मुख्य केबल तुटली. १९ तारखेला एनएसएफनं दुर्बीण पाडायचं जाहीर केलं. पुढचं ड्रोननं पाहिलं.

अमेरिकेच्या नॅशनल अकादमीजच्या समितीनं २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यातली एक गोष्ट मला फार बोचते. वादळानंतर दुरुस्तीचे पैसे मंजूर झाले होते, पण त्यांचा बराचसा भाग अशा कामांकडे वळला होता, ज्यांचा पुढच्या पडझडीशी संबंध नव्हता. म्हणजे नुसते पैसे देऊनही भागत नाही. सरकलेली केबल बघून ज्याच्या पोटात गोळा येईल, असा माणूसही त्या जागी टिकवावा लागतो.

आता याच देशातली दुसरी दुर्बीण बघा. वेस्ट व्हर्जिनियात ग्रीन बँक इथे १९६२ साली घाईत आणि स्वस्तात बांधलेली ३०० फुटी दुर्बीण होती. १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री तीही अशीच कोसळली. तिथले सिनेटर रॉबर्ट बर्ड लवकरच सिनेटच्या खर्च मंजूर करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. १९८९ मध्येच साडेसात कोटी डॉलर मंजूर! २००० साली तिथे १०० मीटरची नवी दुर्बीण उभी राहिली, आणि तिच्या नावात आज बर्ड यांचं नाव आहे.

पोर्तो रिकोला मात्र सिनेटर नाहीच. १८९८ पासून बेट अमेरिकेकडे आहे, १९१७ पासून तिथले लोक अमेरिकन नागरिक आहेत, पण त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडायचा अधिकार नाही, आणि काँग्रेसमध्ये जो एक प्रतिनिधी असतो त्याला अंतिम मतदानाचा हक्क नाही. कर्जात बुडालेल्या बेटाच्या सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये पुनर्बांधणीसाठी स्वतःचे ८० लाख डॉलर जाहीर केले. वॉशिंग्टनहून तशी हाक आली नाही. ग्रीन बँकेचंही पुढे सगळं गोड झालं असं नाही. बर्ड २०१० मध्ये वारले, आणि २०१२ च्या आढाव्यात त्या नव्या दुर्बिणीचाही खर्च सोडून द्या अशी शिफारस आलीच.

आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटरच्या ३० डिश. ती उभी करणारे गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० ला गेले, अरेसिबोच्या दोन केबल्स तुटल्या त्याच्या मधल्या काळात. त्यांनी उटीला डोंगराचा उतारच त्या जागेच्या अक्षांशाइतका शोधून त्यावर दुर्बीण बसवली होती. जमिनीकडून काम करून घ्यायची हीच ती अरेसिबोवाली हुशारी. जीएमआरटीच्या बाबतीत आपण एक शहाणपण केलं. डिश त्याच ठेवून आतली यंत्रणा नवी केली आणि यूजीएमआरटी उभी केली. आता एसकेए या आंतरराष्ट्रीय प्रकल्पासाठी केंद्रानं १,२५० कोटी रुपये मंजूर केलेत. चांगलंच आहे. पण तो प्रकल्प सुरू झाल्यावर खोडदच्या डिशचं वंगण, गंज, वायरिंग कुणाच्या खात्यात पडणार, हा प्रश्न आत्ताच विचारून ठेवावा असा आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये एनएसएफनं सांगितलं की दुर्बीण पुन्हा बांधणार नाही. त्या जागी शिक्षण केंद्र होईल, पाच वर्षांत ५० लाख डॉलर. पुढच्या जूनमध्ये जगभरच्या पल्सार-निरीक्षकांनी एकाच वेळी जाहीर केलं की विश्वभर पसरलेल्या मंद गुरुत्वीय लहरींची चिन्हं दिसताहेत. त्यात खोडदच्या नोंदी वापरणारा भारतीय गट होता आणि नॅनोग्राव हा अमेरिकी गट होता. नॅनोग्रावच्या पंधरा वर्षांच्या नोंदींमध्ये अरेसिबोचा मोठा वाटा आहे आणि त्या नोंदी ऑगस्ट २०२० मध्ये, पहिली केबल निसटली त्या महिन्यात, थांबतात. या घोषणेनंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, वेधशाळेतलं उरलंसुरलं वैज्ञानिक कामही बंद झालं.