क्रमांक कोणी ठरवायचा?

क्रमांकाचे वेड आपल्या मराठी घरांना नवे नाही. माझ्या पिढीतल्या सगळ्यांना आठवत असेल, दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रात बोर्डाची गुणवत्ता यादी छापून येई. यादीतल्या मुलांचे फोटो, पेढा भरवणारे आईवडील, आणि "रोज किती तास अभ्यास केलास?" हा ठरलेला प्रश्न. आपले नाव त्या यादीत नसले तरी शेजारच्या गल्लीतले कोणी असले की आपली कॉलर ताठ होत असे. ती यादी आता बंद झाली, पण वेड गेले नाही.

या वेडामागे एक साधा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. क्रमांक ठरवतो कोण? परीक्षा की परीक्षक? मैदानावरचा निकाल की मैदानाबाहेर बसलेल्यांचे मत?

मला हा प्रश्न पडला तो माझ्या भाच्यामुळे. तो अमेरिकेत एका लहानशा कॉलेजात शिकतो. सप्टेंबर उजाडला की दर आठवड्याला त्याचा निरोप येतो, "मामा, या आठवड्यात आम्ही तेविसावे!" पुढच्या आठवड्यात एकविसावे, आणि एखादा सामना हरले की यादीतून गायब. एकदा मी विचारले, "अरे, पण तुम्ही त्या बाविसाव्या संघाशी खेळलात कधी?" तो म्हणाला, "नाही, आणि खेळणारही नाही. प्रशिक्षक मतदान करतात." हे ऐकून मी चक्रावलोच! मग थोडे वाचन केले. त्यातून हाती लागलेला इतिहास आपल्या दुबईकरांच्या घरापर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

मतांवर चालणारा खेळ

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन, अंगावर चिलखत चढवून खेळायचा तो खेळ. त्यात अंगाला इतका मार बसतो की एक संघ आठवड्यातून एकच सामना खेळू शकतो. एका मोसमात दहा-बारा सामने झाले की संपले. कॉलेजे मात्र शेकड्यांनी. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणे केवळ अशक्य! मग सर्वोत्तम कोण, हे ठरवायचे कसे?

असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९३६ पासून क्रीडा पत्रकारांची मते घेऊन दर आठवड्याला क्रमवारी प्रसिद्ध करायला सुरुवात केली. लोकांत वाद रंगावा आणि वर्तमानपत्रांना मजकूर मिळावा, हा त्यामागचा उघड हेतू होता. १९५० मध्ये युनायटेड प्रेस या प्रतिस्पर्धी संस्थेने पत्रकारांऐवजी प्रशिक्षकांनाच मत विचारले. पद्धत अगदी सोपी. प्रत्येक प्रशिक्षकाने आपल्या मते चांगले संघ क्रमाने लिहायचे. आजच्या यादीत असे पंचवीस संघ असतात. पहिल्याला पंचवीस गुण, दुसऱ्याला चोवीस, असे करत शेवटच्याला एक. सगळ्यांच्या गुणांची बेरीज म्हणजे त्या आठवड्याची क्रमवारी.

१९५८ पासून लहान कॉलेजांसाठीही प्रशिक्षकांची वेगळी क्रमवारी निघू लागली. पुढे १९७३ मध्ये तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने सगळ्या कॉलेजांचे तीन श्रेणींत विभाजन केले. माझा भाचा ज्या तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजात आहे, तिथे खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देताच येत नाही. मुले सकाळी तास बुडवत नाहीत, संध्याकाळी सराव करतात आणि शनिवारी खेळतात. प्रेक्षकांत आईवडील आणि गावातली मंडळी. तरीही दर आठवड्याला सगळ्यांचे डोळे त्या यादीकडे लागलेले असतात.

या पद्धतीचा दोष शोधायला लांब जायला नको. प्रशिक्षक शनिवारी स्वतःच्या सामन्यात अडकलेला असतो, तेव्हा दुसऱ्यांचे सामने तो पाहणार कधी? शिवाय मोसम सुरू होण्याआधीच पहिली यादी निघते, ती अर्थात गेल्या वर्षीच्या पुण्याईवर. एकदा वर बसलेला संघ जिंकत राहिला तर सहसा वरच राहतो, आणि कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या संघाला तितकेच सामने जिंकूनही रांगेत उभे राहावे लागते. आपल्याकडे "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा" म्हणतात. इथे नुसत्या नावालाही गुण मिळतात!

पण इतिहासातली गंमत पुढेच आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीतल्या लहान कॉलेजांनी १९७३ मध्येच बाद फेरीची स्पर्धा सुरू केली आणि विजेता मैदानावर ठरवला. सर्वांत वरच्या, पैशाने गडगंज श्रेणीत मात्र विजेता कोण, हे कित्येक दशके मतांवरच ठरत राहिले. १९९८ ते २०१३ या काळात अंतिम सामन्यात कोणी खेळायचे ते ठरवणाऱ्या सूत्रातही प्रशिक्षकांची मते धरली जात. चार संघांची बाद फेरी तिथे आली ती २०१४ मध्ये. म्हणजे लहानांनी केलेली गोष्ट मोठ्यांना सुचायला एक्केचाळीस वर्षे लागली.

कांगा लीगची शिडी

हे वाचताना मला मुंबईची कांगा लीग आठवली नसती तरच नवल. डॉ. होरमसजी कांगा या पारशी क्रिकेटपटूच्या नावाने १९४८ साली सुरू झालेली ही स्पर्धा भर पावसाळ्यात खेळण्यासाठी होती. उघड्या, ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी उसळेल आणि कधी सरपटेल याचा नेम नाही. इंग्लंडच्या हवामानाची तालीम आपोआप व्हायची. आझाद मैदानावर एकमेकांना खेटून चाललेले सामने, गुडघाभर गवतात हरवलेला चेंडू आणि दादर युनियन विरुद्ध शिवाजी पार्क जिमखाना ही चुरस ज्यांनी पाहिली, त्यांना अधिक सांगणे नको.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे कांगा लीगच्या ए पासून जी पर्यंत सात श्रेणी. खालच्या श्रेणीत जिंकलात की वर, वरच्या श्रेणीत हरलात की खाली. कोणाचे मत नाही, शिफारस नाही. जी श्रेणीतल्या क्लबात दिवसभर बँकेत वा गोदीत काम करणारी माणसे रविवारी पांढरे कपडे घालून येत. त्यांना ठाऊक असे की आपण शिडीच्या तळाच्या पायरीवर आहोत, पण शिडी आहे.

आपल्या अंगणातली शिडी

आता आपल्या अमिरातीकडे येऊ. शारजाच्या मैदानावर १९८१ मध्ये गावसकर एकादश आणि मियाँदाद एकादश यांचा सामना झाला, १९८४ मध्ये पहिला आशिया करंडक आला, आणि १९९८ च्या एप्रिलमध्ये सचिनने वाळूच्या वादळासकट जे काही केले ते घराघरांत पाठ आहे. पण या पाहुण्यांच्या क्रिकेटमागे यजमानांचे स्वतःचे एक क्रिकेट होते, त्याकडे आपले लक्ष कमीच गेले.

१९९४ मध्ये केनियात झालेली आयसीसी ट्रॉफी अमिरातीने जिंकली आणि १९९६ च्या विश्वचषकात प्रवेश मिळवला. कर्णधार सुलतान झरवानी शिरस्त्राण न घालता अॅलन डोनाल्डसमोर उभा राहिला आणि पहिलाच चेंडू डोक्यावर घेतला, हा किस्सा सगळे हसून सांगतात. त्याच स्पर्धेत लाहोरला अमिरातीने नेदरलँड्सला हरवले आणि त्यात २९ धावांत ५ बळी घेणारा शौकत दुकानवाला मुंबईत जन्मलेला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

त्यानंतरची कहाणी क्रमांकांचीच आहे. २००५ च्या आयसीसी ट्रॉफीत पहिल्या पाच संघांना विश्वचषकाचे तिकीट आणि अधिकृत एकदिवसीय दर्जा मिळणार होता. अमिराती सहावी आली. २००७ मध्ये जागतिक क्रिकेट लीगची दुसरी श्रेणी जिंकून संघ पुन्हा वर चढला. २००९ च्या पात्रता स्पर्धेत पहिल्या सहा संघांना दर्जा मिळणार होता. अमिराती सातवी! चार वर्षांची मेहनत दोन्ही वेळा एका पायरीने वाया गेली. खेळणारे बहुतेक नोकरदार होते. कर्णधार खुर्रम खान विमान कंपनीत काम करून क्रिकेट खेळत असे. रजा मिळवायची, खेळायचे, हरायचे आणि सोमवारी कामावर हजर व्हायचे. पण शिडी होती. २०११ मध्ये दुसरी श्रेणी पुन्हा जिंकली, आणि २०१४ च्या पात्रता स्पर्धेत अंतिम फेरी गाठून विश्वचषक मिळवला.

स्कॉटलंडविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात वसईचा स्वप्निल पाटील आपला पहिलाच एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना खेळत होता. तो नाबाद राहिला ९९ वर! शतक एका धावेने हुकले, सामनाही हरला. २०१५ च्या विश्वचषकात पर्थला तो यष्टीमागे उभा होता आणि समोर भारताकडून रोहित शर्मा फलंदाजी करत होता. आपला संघ १०२ धावांत गारद झाला होता. त्या दिवशी टाळ्या कोणासाठी वाजवायच्या, हा प्रश्न इथल्या मराठी घरांत अनेकांना पडला असेल. पुढे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याच पाटीलने नाबाद ५७ धावा केल्या. अमिराती सहाही सामने हरली, पण आयर्लंडला शेवटच्या षटकांपर्यंत झुंजवले आणि शैमान अन्वरने अमिरातीचे विश्वचषकातले पहिले शतक ठोकले.

सूत्र खरे, पण...

२००५ साली आयसीसीचे मुख्यालय लंडनहून दुबईत आले. आज जगाची क्रिकेट क्रमवारी डिस्कव्हरी गार्डन्सपासून गाडीने पाव-अर्ध्या तासाच्या अंतरावर तयार होते म्हणायला हरकत नाही. ही क्रमवारी मतांवर चालत नाही, सूत्रावर चालते. साधारण तुल्यबळ संघांत जिंकणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या मानांकनापेक्षा ५० गुण जास्त मिळतात, हरणाऱ्याला ५० कमी. बलवानाला हरवले तर फायदा मोठा, जुन्या सामन्यांचे वजन निम्मे. इथे वशिला चालत नाही.

मग सूत्र मतांपेक्षा श्रेष्ठ का? हिशेबापुरते नक्कीच. पण २०१९ च्या विश्वचषकात संघ चौदावरून दहावर आणले. पहिले आठ क्रमवारीने आले, उरलेल्या दोन जागा २०१८ च्या पात्रता स्पर्धेतून. दोन वेळचा जगज्जेता वेस्ट इंडिजही त्या रांगेत उभा राहिला. त्याच स्पर्धेत अमिरातीने झिंबाब्वेला तीन धावांनी हरवून त्यांचा विश्वचषक हिरावला, पण स्वतःला काही मिळाले नाही. २०१९ मध्ये एकही सहयोगी सदस्य देश विश्वचषकात नव्हता. क्रमवारी प्रामाणिक होती, पण ज्या मुलाला परीक्षेलाच बसू दिले नाही त्याचे गुण सूत्र कुठून काढणार? मोठे संघ लहानांशी खेळलेच नाहीत तर सूत्र मुके राहते. त्या अमेरिकन प्रशिक्षकांची मते कितीही एकांगी असोत, कधी न भेटलेल्या लहान संघाचे नाव निदान कोणीतरी कागदावर लिहू तरी शकतो.

म्हणूनच १ जानेवारी २०१९ पासून सर्व सदस्य देशांच्या पुरुषांच्या वीस षटकांच्या सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, ही मला मोठी गोष्ट वाटते. परीक्षेचे दार उघडले. ऑगस्ट २०२३ मध्ये दुबईत अमिरातीने न्यूझीलंडला हरवले. सामनावीर होता गोव्यात जन्मलेला सतरा वर्षांचा आयान खान. मे २०२५ मध्ये शारजात बांगलादेशविरुद्धची मालिका २-१ अशी जिंकली.

डिस्कव्हरी गार्डन्समधून

आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये झेन, मोगल, मेडिटेरेनियन अशा नावांच्या वस्त्या आहेत. झाडे भरपूर, इमारती ठेंगण्या, आणि पार्किंगमध्ये संध्याकाळी टेप गुंडाळलेल्या चेंडूने क्रिकेट. त्या खेळात वसई, कराची, कोची, कोलंबो सगळे एका संघात असतात. यांतले बहुतेक आपल्यासारखेच, व्हिसाच्या मुदतीवर जगणारे. नागरिकत्वाच्या यादीत आपला क्रमांक नाही, हे आपण सगळे मनोमन जाणून असतो.

पण क्रिकेटच्या नियमात ठरावीक वर्षे एखाद्या देशात राहिलेल्या माणसाला त्या देशाकडून खेळता येते. स्वप्निल पाटीलच्या छातीवर अमिरातीचे बोधचिन्ह आले ते पासपोर्टमुळे नव्हे, वास्तव्यामुळे आणि मेहनतीमुळे. परदेशस्थ माणसाला इतका न्याय फार थोड्या ठिकाणी मिळतो.

तेव्हा मंडळींना एकच विनंती. शारजाला किंवा दुबईला अमिराती आणि नेपाळ, ओमान, नामिबिया अशांचा सामना असला की मुलांना घेऊन जरूर जा. तिथे गर्दी नसते, जागा हवी तिथली मिळते, आणि खेळाडूंच्या हाका स्पष्ट ऐकू येतात. मुलांना गुणफलकावरचे क्रमांक दाखवाच, पण सहावा आणि सातवा येऊनही पुन्हा कामावर गेलेल्या आणि पुन्हा पॅड बांधलेल्या त्या माणसांची गोष्टही सांगा. आपल्या मुलांना पुढे ज्या याद्यांत उभे राहायचे आहे, तिथे ती अधिक उपयोगी पडेल.