ईस्टरच्या ठसेकार्डाची कुळकथा

हाताने केलेल्या ईस्टरच्या शुभेच्छापत्राला कागद लागतो, ठसा लागतो आणि अर्थातच सण लागतो. पुण्यात या तिन्हींची घराणी पेशवाईपर्यंत मागे जातात. पत्रिकेवर चित्र छापून सणाच्या शुभेच्छा पाठवण्याची रीत मात्र विलायतेतून आली. या कार्डाची कुळकथा सांगायची, तर सुरुवात कसबा पेठेपासून करावी लागते.

कसब्यातला कागदीपुरा जुन्नरकडून आलेल्या कागदी कारागिरांनी वसवला. चिंध्या आणि जुने दोर भिजवून, कुटून लगदा करायचा, तो पाण्यात कालवून साच्यावर पातळ थर उचलायचा आणि भिंतीला लावून वाळवायचा. मग खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटायचे. घोटलेल्या कागदावर बोरूची शाई फुटत नसे. पेशव्यांच्या दप्तरांना असाच कागद लागे. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा गांधीजींच्या प्रेरणेने हातकागदाकडे पुन्हा लक्ष गेले. त्या कामात के. बी. जोशी होते, आणि त्यांच्याच प्रयत्नांतून १९४० मध्ये पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली. सुती चिंध्यांचा हा जाड, किंचित खरबरीत कागद ठशाला फार मानवतो. तो रंग पिऊन घेतो, पसरू देत नाही, आणि दुमडला तरी घडीवर तुटत नाही.

ठशाचे घराणेही कसब्याच्या आसपासचेच. १७९० नंतरच्या वर्षांत इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा चालली. तिथल्या शिष्यांत गंगाराम तांबट सर्वांत नावाजला. वेरूळच्या लेण्यांची त्याने काढलेली चित्रे आजही जतन केलेली आहेत. त्याच काळात नाना फडणवीसांनी एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यावर गीता कोरवून घ्यायला सुरुवात केली. १८०० साली नाना गेले आणि काम थांबले. पुढे तो कारागीर मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला गेला, आणि १८०५ मध्ये गीता तिथे छापली गेली. छापण्यासाठी अक्षर उलटे कोरावे लागते, हे कसब त्या हाताने आपल्या भागात फार लवकर साधले. तांब्याच्या पत्र्यात शाई खोदलेल्या रेघेत बसते. ठशात ती उठावावर बसते, आणि खोदलेली जागा कोरी राहते. कोरणारा हात मात्र दोन्हीकडे तेवढाच स्थिर लागतो.

उठावाच्या ठशाचे खरे जाणकार म्हणजे कापड रंगवणारे आणि छापणारे भावसार, रंगारी. लाकडी ठशाने आधी बाहेरची रेघ उमटवायची, मग दुसऱ्या ठशाने आत रंग भरायचा, अशी त्यांची पद्धत. ठशाच्या कार्डात रंग थोडे का असतात, याचे उत्तर याच पद्धतीत आहे. प्रत्येक रंगाला स्वतंत्र ठसा कोरावा लागतो, आणि प्रत्येक ठसा आधीच्या छापावर नेमका बसवावा लागतो. दोन किंवा तीन रंगांत चित्र पुरे करणे ही या कलेची शिस्त आहे, आणि तिचे देखणेपणही त्यातच आहे.

सण पुण्यात आला तोही चित्रशाळेच्याच दशकात. १७९२ साली सवाई माधवरावांनी पेशव्यांच्या सैन्यातील पोर्तुगीज अधिकारी दॉन मिगेल द नोरोन्हा यांच्या विनंतीवरून ख्रिस्ती लोकांच्या उपासनेसाठी जागा दिली. क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च तिथे उभे आहे. म्हणजे शनिवारवाड्यात चित्रकला शिकवली जात होती, तेव्हाच गावात ईस्टरची उपासनाही रुजत होती.

कार्ड मात्र नंतर आले. १८४३ मध्ये लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली यांच्याकडून नाताळचे पहिले व्यापारी कार्ड काढून घेतले. ईस्टरची कार्डे त्याच शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. ठसा करण्याची साधनेही त्या शतकात वाढली. संशोधक गुडइयर यांनी रबर पक्के करण्याची युक्ती १८४४ मध्ये नोंदवली आणि रबरी शिक्के शक्य झाले. १८६० च्या दशकात जमिनीवर अंथरण्यासाठी निघालेले लिनोलियम पुढे कोरीवकामाला सोपे माध्यम ठरले. आपल्याकडच्या मुलांना त्याची गरजही पडली नाही. अर्धी चिरलेली भेंडी आणि कोरलेला बटाटा यांनी शाळेत ठसेकाम शिकवले आहे, आणि पहिले कार्ड करायला तेवढे पुरते.

ईस्टरचे चित्र ठशाला सोयीचे आहे. डोंगरावरचे तीन क्रूस, बाजूला सरलेला दगड, उघडी कबर, उगवता सूर्य, हे सगळे आकार रेघेपेक्षा छायेने बोलतात. मागे पिवळा, पुढे काळसर जांभळा, इतक्यात पहाट उमटते. छाप देताना रंग पातळ आणि सारखा लावायचा, ठसा सरळ ठेवून दाबायचा, आणि उचलताना न सरकवता वर घ्यायचा.

फूल मात्र इथले असावे, असे मला मनापासून वाटते. विलायती कार्डांवर पांढरी लिली असते. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठचा रविवार म्हणजे ईस्टर. २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात तो कधीही येतो, तेव्हा पुण्यात चाफा फुललेला असतो. पाच पाकळ्यांचा चाफा बटाट्यावरही सहज कोरता येतो, आणि पिवळ्या मध्याला एकच जादा ठसा पुरतो. कागद पुण्याचा, कोरणारा हात पुण्याचा, आणि त्यावर चाफा उमटला, तर दूरवरून आलेल्या या रीतीला पुण्याची म्हणायला कोणाची हरकत असावी? ज्यांच्या घरी ईस्टर होतो त्यांनी यंदा एक ठसा कोरून पाहावा, आणि ज्यांच्या घरी होत नाही त्यांनी त्याच ठशाने शेजारच्या घरी शुभेच्छा पाठवाव्यात.