घोडा कळणे आणि आकडा कळणे : शर्यतीवरच्या पैजेचा थोडा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, तत्त्वज्ञान सोडून रेसकडे कुठे वळलात?" आम्ही म्हणालो, अरे, वळलो नाही, तिकडून परत आलो आहोत. त्याचा खुलासा शेवटी करू.

अकलूजमध्ये घोड्यावर बोलायला प्रस्तावना लागत नाही. आपल्या गावाला दोन घोडे चांगले ओळखीचे आहेत. एक रिंगणातला. तुकोबांची पालखी अकलूजला येते, गोल रिंगण होते, दोन घोडे दौडतात. पण कोणता जिंकला असे कुणी विचारत नाही. लोक टापांखालची माती कपाळाला लावतात आणि पुढे चालू लागतात. दुसरा घोडेबाजारातला. तिथे पारखी माणूस दात पाहून वय सांगतो, भोवरे मोजतो, चाल रेवाल आहे का ते चालवून पाहतो. आज बोलायचे आहे ते तिसऱ्या घोड्याविषयी, म्हणजे पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरच्या. आणि खरं म्हणजे घोड्यापेक्षा, त्याच्यावर हौसेने पैसे लावणाऱ्या माणसाविषयी.

सुरुवात महाभारतातून करू. युधिष्ठिराचे द्यूत सगळ्यांना माहीत असते. पण वनपर्वात त्यालाच सांगितलेली नलराजाची गोष्ट आहे, ती आपल्या विषयाला जास्त जवळची. नल घोड्यांचा जाणकार. अश्वविद्येत त्याच्या तोडीचा कुणी नाही. तरीही पुष्कराशी फासे खेळताना तो राज्य हरतो. पुढे तो ऋतुपर्णाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नुसती पाहून त्यांची संख्या सांगतो. नल रथ थांबवून मोजून पाहतो, तर संख्या बरोबर! मग दोघे विद्येची अदलाबदल करतात. ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय देतो, म्हणजे फाशांचे आणि संख्येचे मर्म. नल त्याला अश्वहृदय देऊ करतो. ते मर्म कळल्यावर नलाच्या अंगातला कली बाहेर पडतो.

आमचे आजचे सगळे म्हणणे या अदलाबदलीत आहे. घोडा कळणे ही एक विद्या आणि आकडा कळणे ही दुसरी. रेसकोर्सवर पहिली विद्या घेऊन पुष्कळ लोक जातात. दुसरी घरी विसरून जातात.

आपल्या धर्मशास्त्राने या खेळाला वेगळे नावही दिले होते. निर्जीव वस्तूंनी खेळायचे ते द्यूत, आणि सजीव प्राण्यांवर पैज लावायची ती समाह्वय. मनू म्हणतो, राजाने दोन्ही राज्यातून हद्दपार करावीत. कौटिल्य व्यवहारी. तो म्हणतो, खेळ एकाच जागी चालवा, त्यावर द्यूताध्यक्ष नेमा, दुसरीकडे खेळणाऱ्याला बारा पण दंड करा आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्या. बंदी की परवाना, हा वाद इतका जुना आहे. इंग्रज आले आणि त्यांनी, नकळत का होईना, कौटिल्याचाच मार्ग धरला.

पुण्याचे रेसकोर्स 1830 चे, लष्कराच्या जमिनीवरचे. मुंबईत आधी भायखळ्याला शर्यती होत, 1883 मध्ये त्या महालक्ष्मीला गेल्या. त्या काळी धावत ते मुख्यतः अरबी घोडे, बोटीने मुंबईत उतरलेले. पावसाळ्यात गव्हर्नर पुण्याला येत, म्हणून पावसाळी मोसम पुण्याला आणि हिवाळी मुंबईला. ती घडी आजही कायम आहे. मुंबई इलाख्याचा जुगारबंदीचा कायदा 1887 चा. त्यात घोड्यांच्या शर्यतीला सवलत मिळाली. पण पैज शर्यतीच्या दिवशी, परवाना असलेल्या आवारात लावली तरच. 1912 मध्ये रेसकोर्सच्या परवान्याचा स्वतंत्र कायदा झाला. एक जागा, एक परवाना आणि सरकारचा वाटा. कौटिल्याला यात काहीही परके वाटले नसते. वाटा मात्र त्याला पाहवला नसता. 2023 च्या ऑक्टोबरात पैजेवर जीएसटी होता 28 टक्के, आणि तोही जिंकलेल्या रकमेवर नव्हे, लावलेल्या पूर्ण रकमेवर.

आता आकड्याकडे येऊ. रेसकोर्सवर पैसे दोन ठिकाणी लावता येतात. एक बुकी, तो भाव सांगतो आणि तुमच्याशी स्वतः पैज घेतो. दुसरी टोटची खिडकी. टोटची कल्पना पॅरिसच्या जोसेफ ओलेची, 1860 च्या दशकातली. सगळ्यांचे पैसे एका गंगाजळीत टाकायचे, चालवणाऱ्याने आपला हिस्सा आणि कर काढून घ्यायचा, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. म्हणजे टोटवर तुम्ही घोड्याविरुद्ध खेळत नाही, क्लबाविरुद्धही नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाविरुद्ध खेळता.

समजा, शंभरातले वीस असे कापले जातात. सगळ्या गर्दीने मिळून शंभर लावले, हाती ऐंशी आले. तेच पुन्हा लावले, चौसष्ट. मग एक्कावन्न, मग एक्केचाळीस, आणि पाचव्या शर्यतीनंतर तेहतीस. यात घोडा बिचारा कुठेच दोषी नाही. ही नुसती वजाबाकी आहे.

मग न्यायालय याला कौशल्याचा खेळ का म्हणते? 1996 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मणन खटल्यात तसा निर्णय दिला. घोड्याची वंशावळ, तयारी, जॉकीचे कसब, वजन, अंतर हे सगळे अभ्यासता येते, म्हणून हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही. निर्णय योग्यच आहे. मटक्याच्या आकड्याचा अभ्यास करता येत नाही, घोड्याचा येतो. पण हौशी माणूस यातून भलताच अर्थ काढतो. 'खेळ कौशल्याचा आहे' याचा अर्थ 'मी कुशल आहे' असा होत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ही चूक आम्ही फळ्यावर लिहून दाखवत असू.

हौशी लोकांच्या पद्धती आम्ही जवळून पाहिल्या आहेत. एक पॅडॉकवाला. घोडे फिरवतात तिथे तो उभा राहतो. कातडीची चमक, कान, घाम पाहतो. एक वहीवाला. मागच्या धावा, वेळा आणि वजने टिपतो. त्याला माहीत असते की हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन देतात, सगळ्यांची संधी सारखी व्हावी म्हणून. एक जॉकीभक्त. एक टिपवाला, ज्याला तबेल्यातली 'आतली बातमी' असते, जी आणखी दोनशे जणांना असते. आणि एक स्वप्नातला नंबर लावणारा. त्याच्याशी वाद घालू नये.

यांच्यावर जगभर संशोधन झाले आहे. 1949 मध्ये ग्रिफिथ यांनी अमेरिकेतल्या शर्यतींचे आकडे तपासले. लोक दुबळ्या घोड्यावर गरजेपेक्षा जास्त आणि फेवरिटवर कमी लावतात, असे दिसले. मग फक्त फेवरिटवर लावावे का? कपात वजा जाता तिथेही बहुधा तोटाच, फक्त सावकाश. 1956 मध्ये मॅक्ग्लोथलिन यांना दिसले की दिवसाच्या शेवटच्या शर्यतीत दुबळ्या घोड्यांकडे ओढा आणखी वाढतो. उघड आहे, घरी जाण्याआधी सगळे भरून काढायचे असते. 1968 मध्ये व्हँकुव्हरला दोन मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना तिकीट घेण्याच्या जरा आधी आणि काहींना घेतल्यावर लगेच विचारले, तुमचा घोडा जिंकेल असे किती वाटते? घेतलेल्यांचा विश्वास जास्त होता. अर्ध्या मिनिटात घोड्यात काय बदलले? काहीच नाही. माणूस बदलला.

मराठीत यासाठी तीन शब्द आहेत : छंद, नाद आणि व्यसन. छंद आपण जोपासतो, नाद आपल्याला लागतो आणि व्यसन जडते. कर्ता कुठे सरकतो ते पाहा, व्याकरणच सगळे सांगते.

आता तो खुलासा. 1972 साली आम्ही पुण्यात एम.ए. करत होतो. इकडे दुष्काळ. विहीर आटली, चारा नाही. वडिलांनी एक बैल विकला आणि त्यातून आमच्या खाणावळीचे पैसे मनिऑर्डरने पाठवले. त्या रविवारी आम्ही रेसकोर्सवर गेलो. लहानपणापासून घोडे पाहिलेले, त्यामुळे पॅडॉकमध्ये उभे राहून आम्हाला वाटले, इथल्या शहरी लोकांना काय कळते? पहिला घोडा लागला. दुर्दैवाने लागला. तीन रविवारांत बैल संपला. दोन महिने आम्ही एक वेळ जेवलो आणि घरी लिहिले की अभ्यास उत्तम चालला आहे.

उरलेला मोसमभर आम्ही जात राहिलो, पण पैसे न लावता. वहीत फक्त लिहायचे : कोणता घोडा निवडला, भाव काय, निकाल काय. मोसम संपल्यावर बेरीज केली. आमची पारख वाईट नव्हती. निवडलेले घोडे बरेच वेळा लागले होते. तरीही कागदावर तोटाच. त्याचे कारण कळायला तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला एक रात्र लागली. आम्हाला जे दिसत होते ते सगळ्यांनाच दिसत होते आणि म्हणून ते भावात आधीच उतरलेले होते. चांगला घोडा ओळखून भागत नाही. तो लोकांना वाटतो त्याहून चांगला आहे, हे कळावे लागते, आणि तेही कपात भरून निघेल इतके. आम्हाला अश्वहृदय थोडेफार होते. अक्षहृदय नव्हते.

त्यानंतरही आम्ही वर्षातून एकदोनदा रेसला गेलो, नाही म्हणणार नाही. घोडे धावताना पाहण्यासारखी गोष्ट कमी आहे. पण रक्कम घरून निघतानाच ठरलेली. नाटकाच्या तिकिटाला देतो तितकी, आणि ती गेली असे धरूनच. शेवटच्या शर्यतीआधी उठायचे. आणि प्रत्येक पैज लिहायची, हरलेली आधी. तुमच्यापैकी कुणाच्या मुलाच्या फोनवर आज हा खेळ असेल, तर त्याला रागावण्याआधी एक वही द्या. महिन्याची बेरीज त्याने स्वतः करावी, तुम्ही करू नये.

नलाचे पुढे काय झाले? तो परत आला, पुष्कराशी एकच डाव खेळला, राज्य जिंकले, पुष्कराला त्याचा वाटा देऊन घरी पाठवले आणि थांबला. अक्षहृदय म्हणजे जिंकण्याचे मर्म, असे आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो. आता वाटते, त्यात थांबणेही येत असावे.

त्या बैलाचे वडिलांना आम्ही कधीच सांगितले नाही. ते गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. आपल्याच गावात, त्यांना ओळखणारी काही माणसे समोर बसलेली असताना, आज ते सांगून टाकले. बरं वाटलं.

 प्रश्न असतील तर जरूर विचारा. फक्त येत्या रविवारी कोणता घोडा लागेल, तेवढं सोडून.