केळकर, विजय लक्ष्मण

केळकर, विजय लक्ष्मण (जन्म : 15 मे 1942). भारताचे माजी वित्त सचिव, सार्वजनिक वित्ताचे जाणकार व वस्तू आणि सेवा कराच्या (जीएसटी) प्रमुख शिल्पकारांपैकी एक. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी (1963), मिनेसोटा विद्यापीठातून एम.एस. आणि बर्कली येथून अर्थशास्त्रात पीएच.डी. (1970). हायडेलबर्ग व काठमांडू येथे अध्यापन. पेट्रोलियम सचिव, वित्त सचिव (1998-99), त्यानंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कार्यकारी संचालक.

सचिवपदापेक्षा त्यांचा ठसा अहवालांवर अधिक खोल आहे. 2002 मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालील कृतिगटांनी सवलती छाटून करदर उतरवण्याची शिफारस केली. कर कापला गेला आणि तो सरकारजमा झाला, याचा मेळ संगणकावर घालणारे करमाहिती जाळेही त्यांनीच सुचवले. 2004 मध्ये मुंबईच्या एनएसडीएल (नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरी लिमिटेड) या रोखे निक्षेपागार कंपनीने ते उभारले. त्याच वर्षीच्या वित्तीय जबाबदारीविषयक अहवालात देशव्यापी वस्तू व सेवा कराचा आराखडा आला.

तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी या कराचा पुढचा टप्पा मांडला : शक्यतो एकच दर, सूट अगदी मोजकी, जकातीसारखे कर त्यातच विलीन. मुंबईच्या उपनगरांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मुलुंड, ऐरोली, मानखुर्द, दहिसर या नाक्यांवर मालाची बिले तपासून जकात घेतली जाई आणि ट्रकांच्या रांगा लागत. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकात थांबली. मात्र महापालिकेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा हक्काचा स्रोतही गेला. त्याची भरपाई आता राज्य सरकारकडून येते. स्थानिक संस्थांना केंद्रीय करांच्या विभाज्य निधीच्या टक्केवारीत अनुदान द्यावे, ही याच आयोगाची शिफारस म्हणूनच दूरदृष्टीची ठरते. एका दराचा आग्रह मात्र मानला गेला नाही. 5, 12, 18 व 28 टक्के असे चार मुख्य दर आले आणि कर नाहक किचकट झाला. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांतले 12 व 28 टक्क्यांचे दर काढण्यात आले.

महाराष्ट्राच्या समतोल प्रादेशिक विकासासाठी नेमलेल्या समितीचेही (अहवाल 2013) ते अध्यक्ष होते. याआधी राज्याचा प्रादेशिक अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीने जिल्हा हा घटक धरला होता. केळकर समितीने तालुका धरला आणि पाण्याला अग्रक्रम दिला. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. अजय शहा यांच्यासह लिहिलेला त्यांचा सार्वजनिक धोरणावरील इंग्रजी ग्रंथ 2019 मध्ये प्रसिद्ध झाला.