भरमार, काडतूस आणि गोळी

कोरपना हा चंद्रपूर जिल्ह्याचा, तेलंगणाच्या सीमेला भिडलेला तालुका. तेथून गडचिरोलीपर्यंत पसरलेल्या अरण्यप्रदेशांत जुन्या धर्तीच्या बंदुकीला ‘भरमार’ म्हणतात. नळीच्या तोंडांतून दारू भरावी, वर छर्रे किंवा गोळी घालावी, गजानें ठासावें आणि मग बार काढावा. आधीं भर, मग मार! शस्त्राची कृति त्याच्या नांवांतच ऐकूं यावी, याहून अचूक परिभाषा ती कोणती?

उलट, शहरांतील सुशिक्षित मनुष्य काडतूस आणि गोळी हे शब्द खुशाल एकाच अर्थानें योजतो. वस्तुतः गोळी म्हणजे नळींतून सुटून लक्ष्यावर आदळणारा शिशाचा तुकडा. काडतूस म्हणजे ती गोळी आणि तिला लागणारी दारू यांचें एकत्र बांधलेलें पुडकें. हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठींत आला. आज हें वेष्टण बहुधा धातूचें असतें. १८५७ सालीं तें कागदाचें होतें.

हा भेद म्हणजे निव्वळ शब्दच्छल नव्हे. नव्या एनफील्ड रायफलीचें काडतूस शिपायानें दांतांनीं फोडावें, दारू नळींत ओतावी आणि कागदांत गुंडाळलेली गोळी वरून ठासावी, अशी रीत होती. लेप होता तो गोळीकडील टोकाला. दांत लागत ते दारूकडील टोकाला. तेव्हां ‘गोळीला चरबी होती’ एवढेंच सांगितलें, तर शिपायाच्या धर्माला बाध कोठें आला, हें उमगत नाहीं. पुडकें एकच आणि तें ओठांशीं न्यावें लागे, हें कळलें म्हणजे त्याचा क्षोभ कळतो.

पुढें तर शब्दच ज्वालाग्राही झाला. २४ एप्रिल १८५७ रोजीं मीरत येथें ९० पैकीं ८५ स्वारांनीं जीं काडतुसें नाकारलीं, तीं जुन्याच नमुन्याचीं होतीं, आणि दांतांऐवजीं हातानें फोडण्याची मोकळीकही दिलेली होती. परंतु विश्वास उडाला होता. ९ मे रोजीं त्यांच्या पायांत बेड्या पडल्या. १० मे रोजीं मीरत पेटलें. ती धग वर्षभरांत चांद्याच्या रानांत पोहोंचली. मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांनीं शस्त्र उचललें आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्याच्या तुरुंगांत त्यांना फांशी झाली.

शब्द सैल झाला कीं इतिहासही सैल होतो. भरमारीला भरमार म्हणणाऱ्या रानांतल्या माणसाकडून नगरवासीयांनीं एवढा धडा अवश्य घ्यावा.