तळटीप : भोगावती नदी

भोगावती : सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यातील वैरागच्या परिसरातून वाहणारी ही नदी सीनेची उपनदी आहे. कोल्हापूरकडील, राधानगरी धरणाची आणि पुढे पंचगंगेला मिळणारी भोगावती निराळी; दोहोंत गल्लत होऊ नये. बार्शी तालुक्याच्या उत्तर-पूर्व अंगाला बालाघाटाची कड आहे. तिच्या उतारावरचे ओढे एकत्र येऊन भोगावती व तिची जोडीदार नागझरी दक्षिणेकडे वाहू लागतात. पुढे मोहोळ तालुक्यात हे पाणी सीनेत जाते.

नदी पावसाळी आहे. हा प्रदेश पर्जन्यछायेचा. येथे सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात, म्हणजे परतीच्या सरींनी पडतो. खाली बेसॉल्टचा कठीण थर असल्याने पाणी फारसे मुरत नाही, म्हणून पूर झटकन येतो व तितक्याच लवकर ओसरतो. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडते. या भागात रब्बीची ज्वारी पिकते ती नदीच्या पाण्यापेक्षा काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर, हे ध्यानात घेतल्याशिवाय येथील शेती समजत नाही. भोगावतीवर हिंगणी येथे व नागझरीवर जवळगाव येथे मध्यम प्रकल्पांची धरणे आहेत.

सीना अहिल्यानगरजवळ उगम पावते आणि दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते. संगमावरच्या मंदिरातील शके 940 (इ. स. 1018) चा लेख मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक आहे. भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते, आणि वैरागचे पावसाचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात पोचते.