शिवणाच्या डब्यातली बटणं

गेल्या पावसाळ्यात आमच्या मुलाच्या गिटारचा पट्टा अडकवायची गुंडी निखळली. स्क्रूचं भोकच मोठं झालेलं. दुकानदार म्हणाला, “आता नवीनच घ्या.” मी काडेपेटीतल्या काड्यांचा गुल मोडून त्या भोकात बसवल्या, वर फेव्हिकॉल घातला आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी स्क्रू घट्ट बसला. कपाटाची बिजागरी सैल झाली की आमच्या सासूबाई हेच करायच्या. मुलगा म्हणाला, “आई, ब्रायन मेच्या गिटारमधेसुद्धा काड्याच आहेत!”

कोण हा ब्रायन मे, म्हणून मी वाचत गेले आणि त्यात रमलेच.

१९६३ चा ऑगस्ट. लंडनच्या पश्चिमेला फेल्टम नावाचं उपनगर. सोळा वर्षांच्या ब्रायनला इलेक्ट्रिक गिटार हवी होती, पण घरात तेवढे पैसे नव्हते. वडील हॅरोल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार आणि हाताने कसबी. ते म्हणाले, आपणच करू. ओळखीच्यांच्या घरातली जुनी शेकोटी निघाली होती. तिच्या चौकटीच्या महॉगनी लाकडाची मान केली. किड्यांनी पाडलेली भोकं काड्यांनी बुजवली. स्प्रिंगा एका जुन्या मोटारसायकलच्या, तर सूर हलवायचा दांडा सायकलच्या पिशवीच्या कडीचा. साधारण दोन वर्षं काम चाललं आणि खर्च आला सुमारे आठ पौंड.

ही गोष्ट सगळे बाप-लेकाची म्हणून सांगतात. पण मैत्रिणींनो, नीट बघा. बोटं कुठे ठेवायची ते दाखवणारे मानेवरचे पांढरे ठिपके म्हणजे आईच्या, रूथ मे यांच्या, शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. आणि त्या दांड्याचं टोक? आईची विणायची सुई! आपण “राहू दे, कधीतरी उपयोगी पडेल” म्हणून जे जपतो, ते असं उपयोगी पडतं.

पुढे याच गिटारने घरात दुरावाही आणला. ब्रायन खगोलशास्त्रात पीएच.डी. करत होता. ते अर्धवट टाकून तो ‘क्वीन’ या बँडमागे गेला. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारूख बलसारा. ज्या वडिलांनी गिटार करून दिली, त्यांनाच मुलाचा हा निर्णय पटेना. १९७७ मधे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधे मुलाचा कार्यक्रम बघितला, तेव्हा कुठे त्यांच्या मनातली गाठ सुटली. सोडलेली पीएच.डी. ब्रायनने २००७ मधे, साठाव्या वर्षी, पुरी केली. वडील तोवर राहिले नव्हते.

२००२ मधे राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवात ब्रायन बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभा राहून वाजवत होता. खांद्याला तीच घरची गिटार होती. जगाने राजवाडा बघितला. मला मात्र ती बटणं आठवली.

आमच्या घरीही कॉलेज की गिटार, हा वाद अधूनमधून पेटतो. परवा पेटला, तेव्हा मी मधे काही बोलले नाही. शिवणाचा डबा आवरायला घेतला. दोन सुटी बटणं होती. ती परत आत ठेवली.